यिद्दिश ज्ञानकोश आणि आमचें तळोजें

एखाद्या भाषेची थोरवी तिच्या काव्यावरून मोजण्याची आपल्याकडे रूढी आहे, आणि ती वावगी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु भाषेंत काव्य असणें निराळें आणि भाषेंत सारा संसार चालणें निराळें. घरांतल्या मुलानें ग्रहण कां लागतें, पोलाद कसें होतें, आपल्या गांवाला हें नांव कशावरून पडलें, असें विचारलें असतां त्याचें उत्तर त्याच्याच भाषेंत सांपडावें यासाठीं एक ठिकाण लागतें. त्या ठिकाणाचें नांव ज्ञानकोश. ज्ञानकोश ही भाषेची जमाखर्चाची वही होय. घर स्वतःच्या मिळकतीवर चाललें आहे कीं उसनवारीवर, हें ती वही उघडून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

ही वही कोणीं लिहावी, याचीं आजवर तीन उत्तरें दिलीं गेलीं आहेत. एखाद्या पुरुषानें जन्म वेंचून ती लिहावी, हें पहिलें. विद्वानांच्या मंडळानें किंवा सरकारनें लिहावी, हें दुसरें. आणि ज्याला जें ठाऊक आहे तें त्यानें लिहावें व इतरांनीं तें सुधारावें, हें तिसरें. हें तिसरें उत्तर विकिपीडिया या नांवानें गेल्या पंचवीस वर्षांत आंतरजालावर रूढ झालें आहे. ज्या भाषांतून असा सर्वलिखित कोश चालू आहे त्यांत यिद्दिश ही एक आहे. राज्य नाहीं, राजधानी नाहीं, आणि बोलणारांपैकीं लाखों लोक एका पिढींत मारले गेले, अशा या भाषेनें इ. स. २००४ पासून आपला कोश मांडला असून त्यांत सुमारें पंधरा हजार लेख आहेत. ही हकीकत मराठी वाचकांस दूरची वाटेल. तिचे धागे पुण्यापर्यंत आणि पनवेलपर्यंत कसे पोंचतात तें दाखवावें, आणि तिच्या उजेडांत आम्ही ज्या तळोज्यांत राहतों त्याच्याकडे एकवार पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यिद्दिश ही मध्ययुगांत ऱ्हाइन नदीच्या आसपासच्या यहुद्यांमध्यें रूढ झालेली भाषा. तिचा सांगाडा जर्मन, लिपि हिब्रू, आणि शब्दसंपत्ति जर्मन, हिब्रू व पुढें पूर्वेकडे वस्ती सरकल्यावर स्लाव्ह भाषांतून गोळा झालेली. धर्मग्रंथ हिब्रूंत, सरकारदरबार परक्यांच्या भाषेंत, आणि स्वयंपाकघर, बाजार व पाळणा यिद्दिशमध्यें, अशी वांटणी शतकानुशतकें चालली. हिब्रू न शिकलेल्या बायकांसाठीं म्हणून तींत पुस्तकें निघत. शिकलेले लोक तिला 'झार्गोन', म्हणजे भेसळ बोली, म्हणून हिणवीत. ज्या महाराष्ट्रांत पंडितांनीं मराठीस प्राकृत म्हणून बाजूस सारलें आणि एकनाथांसारख्या संतांस तिची बाजू घेऊन उभें राहावें लागलें, तेथील वाचकांस ही कथा ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं. इ. स. १९०८ सालीं चेर्नोव्हिट्झ येथें भरलेल्या परिषदेंत पुष्कळ वादानंतर यिद्दिश ही यहुदी लोकांची 'एक' राष्ट्रीय भाषा आहे असा ठराव झाला. हिब्रूच्या अभिमान्यांना न दुखवितां यिद्दिशला बसावयास पाट देणारा तो ठराव होता.

परंतु ठरावानें भाषा विद्येची होत नाहीं. त्यासाठीं आधीं सामग्री लागते. सायमन डुबनोव्ह या इतिहासकारानें इ. स. १८९१ मध्येंच एक आवाहन केलें होतें. गांवोगांवच्या पंचायतींच्या जुन्या वह्या, दफनभूमींतील लेख, घरांतील कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी, जें जें सांपडेल तें सामान्य लोकांनीं गोळा करावें, कारण त्यावांचून इतिहास लिहितां येणार नाहीं, असा त्याचा आशय. याच दशकांत आमच्याकडे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे दप्तरांच्या शोधांत वाडे व माळे धुंडीत फिरत होते. १८९८ सालीं त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. डुबनोव्ह आणि राजवाडे यांस एकमेकांची वार्ताही नसेल. तथापि ज्यांचें राज्य गेलें अथवा ज्यांना तें कधींच नव्हतें, अशा समाजांना आपला पुरावा स्वतःच सांभाळावा लागतो, हें दोघांनींही ओळखलें होतें.

१९२५ सालीं व्हिल्ना शहरांत यिव्हो नांवाची यिद्दिश संशोधनसंस्था निघाली. तिचा खरा आधार प्राध्यापकांपेक्षां 'झाम्लर' लोकांवर होता. झाम्लर म्हणजे गोळा करणारा. शिंपी, शाळामास्तर, विद्यार्थी, दुकानदार असे लोक आपापल्या गांवच्या म्हणी, गाणीं, औषधें, धंद्यांतले शब्द आणि लग्नांतले विधि लिहून व्हिल्नास पाठवीत. पुढें जर्मनांनीं तें शहर घेतलें व संस्थेच्या संग्रहाची लूट मांडली, तेव्हां त्याच कामावर जुंपलेल्या यहुदी माणसांनीं कांहीं कागद अंगावरच्या कपड्यांत दडवून बाहेर काढले. पकडलें जाणें म्हणजे मरण, हें त्यांना ठाऊक होतें. आज ज्याला सर्वलिखित ज्ञानकोश म्हणतात त्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो यंत्रांत न शोधतां या झाम्लर लोकांत शोधावा, असें आमचें मत आहे.

याच सुमारास यिद्दिशमध्यें छापील सर्वसंग्राहक ज्ञानकोश काढण्याची कल्पना पुढें आली. निमित्त होतें १९३० सालीं येणाऱ्या डुबनोव्हच्या सत्तराव्या वाढदिवसाचें, आणि ठिकाण होतें बर्लिन. जगांतील विद्या यिद्दिश वाचकाच्या दारीं आणावी, खगोलापासून अर्थशास्त्रापर्यंत त्याला परभाषेचें तोंड पाहावें लागूं नये, असा मूळ संकल्प होता. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि संपादकांनीं पॅरिस गांठलें. तेथें १९३४ सालीं पहिला खंड निघाला. १९४० सालीं पॅरिसही पडलें आणि मंडळी न्यूयॉर्कला गेली. डुबनोव्ह मात्र रीगा शहरीं राहिला होता. तेथें १९४१ च्या डिसेंबरांत, एक्याऐंशीव्या वर्षीं, त्यास ठार मारण्यांत आलें. 'लिहा, लिहून ठेवा' असें तो अखेरपर्यंत भोंवतालच्यांस सांगत होता, अशी आख्यायिका आहे.

या कोशाचे अखेर बारा खंड झाले. शेवटचा १९६६ सालीं निघाला. त्यांपैकीं सर्वसामान्य ज्ञानाचे खंड पांचच, आणि ते वर्णमालेच्या आरंभींच्या अक्षरांपलीकडे गेले नाहींत. उरलेले सात यहुदी लोकांविषयीं आहेत. त्यांतल्या अखेरच्यांत त्यांच्या संहाराची हकीकत आहे. वर्णानुक्रमानें कोश रचणारा माणूस मनांत एक गोष्ट गृहीत धरतो: शेवटच्या अक्षरापर्यंत आपण पोंचूं, आणि तेव्हांही वाचणारा असेल. युद्धापूर्वीं यिद्दिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. त्यांतले लाखों मारले गेले, आणि जे अमेरिकेंत वांचले त्यांचीं मुलें इंग्रजी बोलूं लागलीं. तेव्हां संपादकांनीं वर्णमाला सोडली. जग वाचकाच्या घरीं आणण्याकरितां निघालेला कोश वाचकाचें गेलेलें घर जगासाठीं नोंदवूं लागला. पुढें याच मंडळींनीं त्यांतील बराचसा मजकूर इंग्रजींत चार खंडांत काढला. यिद्दिशमध्यें वाचणारा सांपडत नाहीं, याचीच ती कबुली होती.

आतां आपल्या घराकडे वळूं. श्रीधर व्यंकटेश केतकर १९११ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले, आणि स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं कोणाही संस्थानिकाची वा सरकारची वाट न पाहतां मराठी ज्ञानकोश हातीं घेतला. १९१६ सालीं नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी निघाली. तिचे भाग विकले गेले, आगाऊ वर्गणीदार मिळविण्यासाठीं माणसें गांवोगांव फिरलीं, आणि कचेरी पुढें पुण्यास गेली. तेवीस विभागांपैकीं पहिले पांच प्रस्तावनेचे. अकारविल्हे मजकूर त्यानंतर. महाराष्ट्रीयांनीं आधीं जगांतलें आपलें स्थान ओळखावें व मग कोश उघडावा, अशी ही योजना. या खटाटोपाचा वृत्तांत त्यांनीं स्वतःच 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकांत लिहून ठेविला आहे. सरस्वतीची सेवा करणाऱ्यास हिशेबाच्या वह्याही ठेवाव्या लागतात, हें तें पुस्तक वाचणारास चांगलेंच पटतें.

येथें एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई या मूळच्या एडिथ कोह्न, जर्मन यहुदी कुळांतल्या. व्हिंटर्निट्झ या पंडिताच्या जर्मन भाषेंतील भारतीय वाङ्मयेतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यांनींच केलें. त्याचा पहिला खंड १९२७ सालीं कलकत्ता विद्यापीठानें काढला. बर्लिनमध्यें यिद्दिश कोशाची कल्पना निघाली तेव्हां मराठी कोशाचें मोठें काम उरकलेलें होतें, आणि तें उरकणाऱ्या घरांत एक यहुदी गृहिणी नांदत होती.

दोन्ही कोशांच्या भाग्यांत एवढा फरक कां पडला? केतकर एकटे होते आणि यिद्दिश मंडळांत नाणावलेले पंडित होते, म्हणजे विद्येचें पारडें तिकडेच जड होतें. परंतु केतकरांचा वर्गणीदार आपल्या घरीं सुखरूप होता. वकील, मामलेदार, शिक्षक, सावकार अशा कुटुंबांनीं पदराला खार लावून ते जाड खंड घेतले. त्यांची मुलें मराठीच बोलत होतीं, आणि खंड वाचावयास तीं उद्यांही असणार होतीं. शिवाय त्या कामावर माणसें तयार झालीं. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं तेथें शिकलेल्या रीतीवर पुढें महाराष्ट्र शब्दकोश आणि सुलभ विश्वकोश रचले. केतकर १९३७ सालीं पुण्यास निवर्तले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारनें हें काम अंगावर घेतलें. वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश सुरू झाला. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि विसावा निघेपर्यंत जवळजवळ चार दशकें गेलीं. नांव ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. चांगलें काम सावकाश होतें. परंतु या चार दशकांत महाराष्ट्राचीं कित्येक गांवें ओळखूं येईनाशीं झालीं, आणि सरकारी कोश त्यांच्या मागें धांवूं शकत नव्हता.

म्हणून तिसऱ्या उत्तराकडे यावें लागतें. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला आणि आज त्यांतील लेख सुमारें एक लक्षाच्या घरांत आहेत. त्याची रीत सोपी आहे. लेख कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा, प्रत्येक फेरफाराची नोंद राहावी, बिघडलेलें पूर्वस्थितीस नेतां यावें, आणि केलेल्या विधानास प्रकाशित आधार द्यावा. आमच्या व्यवसायबंधूंना ही रीत रुचत नाहीं. जेथें कोणीही लिहितो तेथें प्रमाण काय, असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पुष्कळ लेख दोन ओळींचे आहेत, कांहीं इंग्रजीवरून यंत्रवत् उतरविलेले आहेत, आणि एकाच मंत्र्याच्या गुणवर्णनासाठीं दोन पक्षांचे लोक फेरफारांची झुंज खेळतांनाही दिसतात. परंतु जे सुविद्य लोक नाक मुरडून दूर राहतात, त्यांच्या दूर राहण्यानें हे दोष कमी होतील कीं वाढतील?

यिद्दिश कोशाची स्थिति याहून बिकट आहे. आज ही भाषा घरांत बोलणारे बहुतांशीं न्यूयॉर्क, जेरुसलेम वगैरे ठिकाणचे धर्मनिष्ठ हसिदी लोक. ऐहिक विद्येचा कोश ही त्यांच्या जुन्या गुरुजनांची हौस नव्हे. ज्या ऐहिक वृत्तीच्या मंडळीनें यिव्हो उभारली, त्यांचे वारस भाषा पुस्तकांतून शिकतात. एकांस भाषा येते पण कोशाचें प्रेम बेताचें, दुसऱ्यांस प्रेम आहे पण भाषा आईकडून मिळालेली नाहीं. यिव्होनें १९३७ सालीं ठरविलेलें शुद्धलेखन एक पक्ष पाळतो, दुसरा पाळीत नाहीं. तरीही दोघेही एकाच वहींत लिहूं शकतात, ही गोष्ट पॅरिसच्या पंडितांस साधली नव्हती.

आतां यिद्दिशचा धागा आमच्या दाराशीं कसा येतो तें पाहूं. तळोज्याहून थोड्याच अंतरावर पनवेल. तेथें इ. स. १८४९ सालचें बेथ एल नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आहे. तें बेने इस्राएल लोकांचें. नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून वांचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यांत त्यांस शनवार तेली म्हणत. आडनांवें किहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, आणि भाषा मराठी. वल्हांडण सणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा त्यांनीं मराठी भाषांतरासह १८४६ सालीं मुंबईस आणि १८७४ सालीं पुण्यास छापली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. १८८० च्या सुमारास तर बायबलांतील कथांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं. यिद्दिश बोलणारांनीं जें जर्मनच्या आधारें केलें, तेंच हे लोक मराठीच्या आधारें करीत होते.

परंतु या समाजाचा पहिला विस्तृत इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ च्या सुमारास लिहिला तो इंग्रजींत. तो चाळीस वर्षें अप्रकाशित राहिला आणि १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. छापून काढणारे गृहस्थ इमॅन्युएल ओल्सव्हँगर, म्हणजे यिद्दिश लोककथांचे नामांकित संग्राहक. आमच्या शेजारच्या मराठी माणसांची कथा छापावयास यिद्दिशच्या एका झाम्लराला यावें लागलें! पुढें १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनें इस्राएलला गेला. तेथें त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक काढलें. पनवेलचें मंदिर उभें आहे, पण आसपासच्या खेड्यांतून कोणत्या घरीं घाणा होता हें सांगणारे दुर्मिळ झाले.

एक समाज जागा सोडून गेला. दुसऱ्या समाजाखालून जागाच निघून जात आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तळोजें ठाऊक असतें तें कारखान्यांमुळें आणि कारागृहामुळें. महसुली दप्तरांत या नांवाचीं दोन गांवें आहेत, तळोजें पांचनंद आणि तळोजें मजकूर. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनींवर संपादनाची छाया पडली. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या जासईच्या आंदोलनांत पांच माणसें गोळीबारांत मेलीं, आणि त्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व पुढें आलें. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका होऊन दोन्ही तळोजीं तींत गेलीं. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धांवते. एवढा इतिहास कोणत्याही कोशांत घालतां येईल, कारण तो शासकीय कागदांत आहे.

कागदांत नाहीं तें निराळें. खाडीचें खारें पाणी अडवून खाजणांत भात पिकविणाऱ्या आगरी शेतकऱ्याचा बांध, त्याची उघाडी, भरती-ओहोटी पाहून ती उघडण्याची वेळ, आणि खाचरांत वाढणारा जिताडा मासा, हें एक संपूर्ण शास्त्र होतें. बांध बुजला तसें तें शास्त्रही बुजत आहे. कोंकणी मुसलमानांच्या घरांतील बोली, कोळ्यांचीं जाळ्यांचीं नांवें, यांचेंही तेंच. आणि सर्वांत मोठें धन म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नांत हळदीपासून पुढचे विधि धवले गाऊन पार पाडणारी ही बाई, बहुधा निरक्षर, शेंकडों ओळी मुखोद्गत ठेवणारी. तेराव्या शतकांत महानुभाव महदाइसेनें धवळे रचले आणि मराठीच्या इतिहासांत आद्य कवयित्रीचें स्थान मिळविलें. आमचे विद्यार्थी तिचें नांव परीक्षेंत अचूक लिहितात. तिच्या रचनेचें नांव आजही चालविणारी बाई शेजारच्या आळींत आहे, हें त्यांतल्या किती जणांस ठाऊक असेल?

विकिपीडियांत हें लिहावें म्हटलें तर अडचण उभी राहते. तेथें प्रकाशित आधार मागतात, आणि धवलारणीच्या मुखाला आधार म्हणून मान नाहीं. या नियमावर रागावण्यांत अर्थ नाहीं. आधार नसलेली वही कोणीच विश्वासानें वापरणार नाहीं. नियमाचा अर्थ इतकाच कीं कोशाच्या आधीं झाम्लर पाहिजे. आधीं ऐकून घ्यावें, कोणाकडून, कोठें व केव्हां ऐकलें तें नोंदवावें, मग तें मासिकांत, गांवाच्या स्मरणिकेंत किंवा पुस्तिकेंत छापावें, आणि नंतर कोशांत न्यावें. डुबनोव्ह व राजवाडे यांनीं हाच क्रम सांगितला होता. व्हिल्नाचे झाम्लर लिहीत होते तेव्हां पुढें काय वाढून ठेवलें आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. जीं गाणीं त्यांनीं उतरून घेतलीं तीं उरलीं, आणि जीं राहून गेलीं तीं गाणारांबरोबर गेलीं. आमच्याकडे संहार नाहीं, देवाची कृपा. येथें केवळ घरें बदलत आहेत आणि म्हातारीं माणसें एकेक करून जात आहेत. पण न लिहिलेल्या गोष्टीच्या दृष्टीनें परिणाम सारखाच.

हें काम कोणाचें? केतकरांना वर्गणी देणारीं कुटुंबें ज्या वर्गांतलीं होतीं, त्याच वर्गांतलीं कुटुंबें आज तळोज्याच्या नव्या इमारतींतून राहतात. आम्हीही त्यांतलेच. आम्ही येथें बाहेरून आलों, आणि ज्यांच्या शेतांवर आमचीं घरें उभीं आहेत त्यांच्याशीं आमची ओळख बहुधा भाजीच्या दरापुरती असते. प्रत्येक सोसायटींतील दोन-चार मंडळींनीं सुटींत एक वही घ्यावी, घोट, पेंधर, नावडें, रोहिंजण अशा एका गांवीं जावें, आणि तेथील म्हाताऱ्यांस व त्यांच्या शिकलेल्या मुलां-सुनांस बरोबर घेऊन एकेक विषय पुरा लिहावा. श्रेय व नांव सांगणाऱ्याचें असावें. ग्रामस्थांनीं स्वतःच लेखणी हातीं घेतली तर आमच्यासारख्यांनीं शुद्धलेखन तपासून गप्प बसावें, हें अधिक चांगलें.

'मजकूर' हा दप्तरांतला जुना फारसी-अरबी शब्द आहे. 'वर उल्लेख केलेलें' असा त्याचा अर्थ. तळोजें मजकूर म्हणजे सदरहू तळोजें. तो उल्लेख आजवर साऱ्याच्या आणि संपादनाच्या कागदांत होत आला. तेथील माणसांच्या स्वतःच्या शब्दांत तो अजून व्हावयाचा आहे, आणि तो करण्यास लागणारी वही व लेखणी कोणत्याही दुकानांत मिळते.